‘तुमच्यात भजन असतं का हो?’

सांगलीत आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी भजन असतं. पखवाजावर अण्णा. एसटीतून निवृत्त झाले, पण हाताला अजून घाट उतरायची सवय आहे. एकदा लय वाढली की ब्रेक लागत नाही. गेल्या नाताळात मी त्यांना आमच्या चर्चला घेऊन गेलो. दीड तास शांत बसले, आमच्याबरोबर उठले, बसले. घरी येऊन करंजी खाताना म्हणाले, “मास्तर, तुमच्यात भजन असतं का हो? गाणी झाली ती ऐकली. पण कधी सगळेच गाताय, कधी पुढं उभी राहिलेली दहा जणंच, कधी पाळक एक ओळ म्हणतात आणि तुम्ही दुसरी. ह्याला काय नियम हाय, का मनाला येईल तसं?”

नियम आहे. फक्त तो कुणाचा, यावर इंग्लंडात साडेचारशे वर्षं भांडण चाललं आहे, आणि त्या भांडणाचा एक धागा साताऱ्यापर्यंत येतो.

आधी नात्याचं सांगून टाकतो, कारण अण्णांनी “इंग्रजांचं चर्च ना तुमचं?” असंही विचारलंच. तसं नाही. सांगली-मिरजेकडे आले ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यांचंच. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन. इंग्रज साहेबांचं अँग्लिकन चर्च असायचं ते छावणीच्या बाजूला. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र आले, त्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि हे संयुक्त चर्च आज जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात मोडतं. म्हणजे आम्ही सुनेसारखे त्या घरात आलो. माहेरच्या सवयी आहेतच, पण सासरचं देवघरही आता आमचं.

आणि त्या देवघरात गाण्याला फार मोठी जागा आहे.

इंग्लंडात सगळी जमीन पॅरिशमध्ये वाटलेली असते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव किंवा पेठ, आणि त्या हद्दीतला प्रत्येक माणूस त्या चर्चचा, येवो न येवो. ग्रामदैवताचं देऊळ जसं सगळ्या गावाचं, तसं. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या चर्चमध्ये उपासना लॅटिनमध्ये चाले. गवई मंडळी एकेका अक्षरावर इतकी लांब तान घेत, आणि चार-पाच आवाज एकमेकांत असे गुंतवत, की लॅटिन येणाऱ्यालाही शब्द लागत नसत. गावातला शेतकरी मागे उभा राहून आपली माळ ओढी. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला तो स्वतःच्या लग्नाच्या भानगडीतून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याचा आर्चबिशप टॉमस क्रॅनमर याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. लोकांना उपासना कळली पाहिजे. १५४४ मध्ये त्याने राजाला लिहिलं की इंग्रजी प्रार्थनेसाठी जे संगीत करायचं ते सुरांनी गच्च भरलेलं नको. होता होईल तो एका अक्षराला एक सूर असावा, म्हणजे शब्द स्पष्ट आणि भक्तीने गाता येतील.

एका अक्षराला एक सूर. अण्णांना हे लगेच पटलं. त्यांच्या मंडळात मध्यंतरी एक शास्त्रीय शिकलेला पोरगा आला होता. अभंगात तो एवढ्या ताना घ्यायचा की टाळकरी टाळ मांडीवर ठेवून बसायचे. “गळा गोड होता, पण आमच्या हाताला काम ऱ्हायलं नाही,” अण्णा म्हणाले. क्रॅनमरची तक्रार नेमकी हीच होती.

१५४९ मध्ये क्रॅनमरचं सार्वजनिक प्रार्थनेचं पुस्तक आलं, इंग्रजीत. दुसऱ्याच वर्षी जॉन मरबेक नावाच्या ऑर्गनवादकाने त्याला साध्या चाली लावल्या, जवळजवळ बोलल्यासारख्या. हे पुस्तक पुन्हा पुन्हा सुधारलं गेलं; १६६२ ची आवृत्ती इंग्लंडात अजून प्रमाण मानतात. गंमत अशी की आपण चर्च म्हटलं की जी गाणी डोळ्यांपुढे येतात, उभं राहून, पुस्तक हातात धरून, पाच-सहा कडव्यांची, ती गीतं या पुस्तकाच्या आराखड्यात जवळजवळ नाहीतच. पुस्तकात गायची म्हणून जी आहेत ती बहुतेक पवित्र शास्त्रातली: दीडशे स्तोत्रं आणि मरियेचं स्तोत्र, शिमोनाचं गीत अशी थोडी. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत, म्हणजे महिन्याला एक आवर्तन पुरं. पारायणच म्हणा. बाकी गाण्यासाठी १५५९ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने एक फट ठेवली: प्रार्थनेच्या सुरुवातीला किंवा शेवटी एखादं स्तुतिगीत चालेल, पण शब्द समजले पाहिजेत. १६६२ च्या पुस्तकात आणखी एक ओळ आली. तिचा भावार्थ असा, की जिथे गायकवृंद आहे आणि गाणं होतं, तिथे आता विशेष गान.

अण्णांना दिसलेली ती ‘पुढची दहा जणं’ म्हणजे या एका ओळीचं वंशज. मोठ्या कॅथीड्रलमध्ये पगारी गायकवृंद असतो, परंपरेने मुलगे आणि पुरुष, आता मुली आणि बायकाही, आणि तिथे रोज संध्याकाळची उपासना गाऊन होते. मंडळींनी फक्त ऐकायचं. ऐकणं हीच त्यांची प्रार्थना, असं मानतात. गावच्या चर्चला हे परवडत नाही. तिथे मंडळींनी स्वतः गायचं. पण गावच्या चर्चलाही मधूनमधून कॅथीड्रल व्हायची हौस येते, आणि मग कुरबुरी सुरू होतात.

स्तोत्रं गायची कशी, हे थोडं सावकाश सांगतो, कारण अँग्लिकन संगीतात अगदी स्वतःची म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे. अडचण अशी: स्तोत्राच्या ओळी गद्य आहेत. एक ओळ सात शब्दांची, पुढची सतराची. ठरलेल्या मापाची चाल लावणार कशी? त्यांनी युक्ती केली. चाल फक्त दहा सुरांची. ओळीच्या पहिल्या अर्ध्याला चार, दुसऱ्या अर्ध्याला सहा. प्रत्येक अर्ध्याचा पहिला सूर लवचिक, त्यावर कितीही शब्द बसवा, बोलण्याच्या गतीने. उरलेले सूर शेवटच्या थोड्या अक्षरांना. तेविसावं स्तोत्र घ्या. ‘परमेश्वर माझा’ हे सगळं एकाच सुरावर म्हणायचं. मग ‘मेंढ’, ‘पाळ’, ‘आहे’ असे तीन सूर हलवायचे. थोडं थांबायचं. पुन्हा ‘मला काही’ एका सुरावर, आणि ‘उ’, ‘णे’, ‘पड’, ‘णार’, ‘नाही’ हे पाच सूर उतरत जायचं. झाले दहा. पुढची ओळ तिप्पट लांब असली तरी चाल तीच. पहिला सूर ताणला की काम झालं. आणि तिकडे हे चार आवाजांत, चार पट्ट्यांवर एकदम चालतं.

आम्ही सांगलीत हे असं गात नाही. आमच्याकडे स्तोत्र पाळक एक ओळ वाचतात, मंडळी दुसरी वाचते. अण्णांना तेच दिसलं होतं. पण एकदा मी त्यांना ही दहा सुरांची चाल पेटीवर वाजवून दाखवली, तर ते म्हणाले, “आम्ही शाळेत पाढे असंच म्हणायचो की.” खरं आहे. पाढ्यांची चाल, मंत्रपुष्पांजलीतला एकसुरी भाग, सगळीकडे युक्ती एकच: शब्द जास्त आणि गळे अनेक असले की सूर कमी करायचे, म्हणजे कुणी मागे पडत नाही.

आता भांडणाकडे येतो. १६४४ मध्ये प्युरिटन लोकांच्या पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला. देवापुढे वाद्य कशाला, माणसाचा आवाज पुरे, असं त्यांचं म्हणणं. बरेच ऑर्गन मोडले. १६६० मध्ये राजेशाही परत आली, हळूहळू ऑर्गनही आले, पण कॅथीड्रलमध्ये. गावांतून शंभर-दीडशे वर्षं वाद्यावाचूनच चाललं. लोकांना वाचता येत नसे, म्हणून चर्चचा कारकून ओळ मोठ्याने सांगे आणि लोक मागून गात. लय इतकी मंदावे, की श्वास संपला तरी शब्द संपत नसे.

अठराव्या शतकात गावकऱ्यांनीच यावर उपाय काढला. चर्चच्या मागच्या बाजूला लाकडी माळा बांधायचा आणि तिथे गावचा ताफा बसवायचा. फिडल, बासून, क्लॅरिनेट, सर्पासारखं वळणावळणाचं ‘सर्पंट’ नावाचं एक वाद्य, आणि गाणारे सुतार, चांभार, शेतमजूर. तीच मंडळी आदल्या रात्री लग्नात नाचाची गाणी वाजवून आलेली. गाणं सुरू झालं की लोक वेदीकडे पाठ करून माळ्याकडे तोंड फिरवत. मला हा काळ सगळ्यात आवडतो. एकोणिसाव्या शतकात सुशिक्षित पाळकांना मात्र तो आवडला नाही. गलिच्छ वाटला, बेशिस्त वाटला. १८३३ नंतर ऑक्सफर्डहून जी चळवळ निघाली तिने चर्चला पुन्हा गंभीर, भारदस्त रूप द्यायचं ठरवलं. माळे उतरवले. ताफ्याच्या जागी ऑर्गन किंवा पायपेटी आली, आणि वेदीजवळ पांढरे झगे घातलेला कॉयर. ऑर्गन एक माणूस वाजवतो आणि पाळकाचं ऐकतो. ताफ्यात आठ जण होते आणि ते कुणाचंच ऐकत नसत. माझं आपलं मत असं की खरं कारण हे होतं.

पण याच शतकाने मंडळींच्या तोंडात काही टाकलंही. स्तोत्रांबाहेरची, माणसांनी रचलेली गीतं तोवर चर्चमधून वेगळ्या झालेल्या मेथडिस्ट पंथाची मानली जात. शेफिल्डच्या टॉमस कॉटेरिल या पाळकाने तसं पुस्तक चर्चमध्ये आणलं, तेव्हा त्याच्याच मंडळींतल्या लोकांनी त्याला धर्मन्यायालयात खेचलं. १८२० मध्ये यॉर्कच्या आर्चबिशपने मध्यस्थी केली, आणि त्यानंतर गीतांना दार उघडलं ते उघडलंच. १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हे पुस्तक आलं. नव्या-जुन्या गीतांचं हे पुस्तक घराघरात गेलं.

या गीतपुस्तकांच्या मागे एक सूची असते, ती अण्णांना दाखवल्यावर ते अर्धा तास पुस्तक सोडेनात. सूचीत गाण्यांची नावं नाहीत, आकडे आहेत. ८-६-८-६. ८-८-८-८. ६-६-८-६. म्हणजे कडव्याच्या प्रत्येक ओळीतली अक्षरं. ज्या दोन गीतांचे आकडे जुळतात त्यांच्या चाली अदलाबदल करता येतात. ‘अमेझिंग ग्रेस’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचे शब्द ओल्नी नावाच्या गावच्या अँग्लिकन पाळकाचे, जॉन न्यूटनचे, आणि ते छापले गेले १७७९ मध्ये. आज जी चाल आपण गुणगुणतो ती त्या शब्दांना लागली १८३५ मध्ये, अमेरिकेत. छप्पन्न वर्षं शब्द एकीकडे, चाल दुसरीकडे. आकडे ८-६-८-६ होते म्हणून गाठ पडली.

“मग हे आमच्यासारखंच की,” अण्णा म्हणाले, आणि बोटांवर मोजायला लागले. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. मोठा अभंग ६-६-६-४. म्हणून तर एका अभंगाची चाल दुसऱ्याला लागते, आणि म्हणून तर जुन्या कीर्तनाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच पदाची ओळ छापलेली असते. आमच्या ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातही तसं आहे.

‘उपासना संगीत’वरून साताऱ्याकडे वळायला हवं. मिशनऱ्यांनी सुरुवातीला इंग्रजी गीतांचीच मराठी भाषांतरं केली, चालही इंग्रजीच. तिथे गोची झाली. इंग्रजी गीत आघातावर चालतं: एक अक्षर हलकं, दुसरं जड. मराठीत असा आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ, लघु-गुरू. त्यामुळे ‘माझा’ हा साधा शब्द इंग्रजी चालीत पडला की ‘मझाऽऽ’ होतो, आणि ‘येशू’मधला ‘ये’ गिळला जातो. आमच्या आजीच्या पिढीने अशी गीतं श्रद्धेने गायली, पण गाताना आपली भाषा जरा परकी होते हे त्यांनाही कळत असणारच. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते याच सुमाराला. आणि मग आले नारायण वामन टिळक.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला, भजन आणलं, ओवी आणली. शब्द आणि चाल दोन्ही एकाच मातीची. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तो खुला होता. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. टिळक अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मिशनचे. पण त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं ते जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने, १९२३ मध्ये. याच विन्स्लोने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, आणि भारतीय माणसाची उपासना भारतीय वळणाची असावी म्हणून तो झटला. क्रॅनमरने लॅटिन काढून इंग्रजी आणलं. विन्स्लोच्या लक्षात आलं की सांगली-साताऱ्यात इंग्रजी चाल हीच लॅटिन झाली आहे.

आणि उलटा प्रवासही झाला. निकोल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्याने टिळकांच्या एका गीताचं इंग्रजी केलं आणि ते तिकडच्या गीतपुस्तकात गेलं. आकडे? ८-६-८-६. मोजून बघितलंय.

वाद्याचंही असंच. युरोपातल्या लहान चर्चना मोठा ऑर्गन परवडत नव्हता, म्हणून भात्यावरची पेटी निघाली. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली, पायपेटीची हातपेटी झाली, आणि बघता बघता कीर्तनात, तमाशात, भजनात शिरली. १९४० ते १९७१ आकाशवाणीने तिला परकी म्हणून बाहेर बसवलं होतं, पण आमच्या गल्लीतल्या दत्ताला त्याचं काही नव्हतं. संगीत नाटकात तर ऑर्गनच आला. बालगंधर्वांच्या गाण्यामागे जो भरघोस सूर ऐकू येतो तो चर्चच्या वाद्याचा. सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे पहिलं नाटक केलं म्हणून. त्या पंढरीतही चर्चचा सूर आहे. (पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा एक मुलगा पियानो शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, हेही सातारा जिल्ह्याच्याच खात्यावर जमा. पण तो वेगळा विषय.)

वर्षभर एकसारखं गायचं असंही नसतं. नाताळच्या आधीचे चार रविवार वाट पाहण्याचे. आता जगभर गाजलेली ‘नऊ शास्त्रपाठ आणि कॅरल’ ही उपासना १८८० मध्ये ट्रुरो इथे सुरू झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ती १९१८ मध्ये घेतली आणि १९२८ पासून रेडिओने ती घरोघर पोचवली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उलट: ‘हालेलूया’ म्हणायचं नाही, काही चर्चमध्ये ऑर्गनही गाण्याला टेकू देण्यापुरताच. सूर काढून घेतला की तो होता हे कळतं. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पेटी बंद असते. तेव्हा मंडळींपैकी कोण खरं सुरात आहे आणि कोण पेटीच्या आड लपलेलं असतं, हेही उघड होतं. मी लपणाऱ्यांपैकी.

अण्णांचा मूळ प्रश्न राहिला: नियम कुणाचा? इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात याला एक कलमच आहे. कोणतं संगीत घ्यायचं याबद्दल पाळकाने ऑर्गनवादकाचा सल्ला नीट ऐकून घ्यावा, पण शेवटचा शब्द पाळकाचा. असं कलम उगाच कुणी लिहीत नाही. किती ठिकाणी किती रविवार तोंडं फुगली असतील, तेव्हा ते लिहिलं गेलं असणार.

या जूनमध्ये आमच्याकडे पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांचा हात मोडला. मी अण्णांना म्हटलं, पखवाज घेऊन या, टिळकांचे दोन अभंग घेऊ. आले. सरावाला शनिवारी पंधरा-वीस जण होतो. अण्णांनी पुस्तक उघडलं, आकडे मोजले, आणि विचारायच्या आत त्यांच्या गुरुवारच्या भजनातली एक चाल त्या शब्दांवर बसवून मोकळे झाले. चपखल बसली. तिसऱ्या ओळीला सगळे धरून गायला लागले, एक मावशी सोडून. मावशी ऐंशीच्या पुढच्या, साताऱ्याच्या माहेरवाशीण. टाळ मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“चाल चांगली आहे,” गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “पण आमच्या साताऱ्याची ही नाही.” आणि त्यांनी त्यांची म्हणून दाखवली. संथ, दुसऱ्या ओळीला मुरका घेणारी. तीही बसली. अण्णा म्हणाले, ह्यात पखवाजाला जागा नाही. मावशी म्हणाल्या, नसू दे. त्यावर दोघांचं बरंच झालं. पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. दोन्ही चाली पुन्हा एकदा म्हणा म्हणाले, आणि उद्या सकाळी सांगतो म्हणून निघून गेले.